हिचा आवाज बसला तो आठवडा

माझ्या बायकोला गेल्या हिवाळ्यात उत्कृष्ट संशोधनासाठी एक मोठा सन्मान मिळाला आणि त्या गडबडीत तिचा आवाज गेला. ती एका विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवते. सन्मान जाहीर झाल्यापासून रोज कुठे भाषण, कुठे मुलाखत, वर्गातले तास वेगळे. घसा आधीच धरला होता, त्यात तिने विश्रांती घेतली नाही. एका सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. डॉक्टरांनी तपासून स्वरयंत्राला सूज आहे म्हणून सांगितलं आणि आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही अशी तंबी दिली. कुजबुजायचंही नाही. कुजबुजताना घशावर जास्तच ताण येतो म्हणे.

विद्यापीठात राहून हे जमण्यासारखं नव्हतं. दारात विद्यार्थी, फोनवर अभिनंदन करणारे. तिने मला मोबाइलवर लिहून पाठवलं, ‘घरी येते. तिथे मला कोणी बोलायला लावणार नाही.’

वाचून मला हसू आलं आणि थोडी धडकीही भरली. घरी माय होती, जी गप्प माणसाला आजारी समजते. शिवाय गावाने त्याच रविवारी हिचा सत्कार ठरवला होता.

मी आणि माय वाशीम जिल्ह्यातल्या रिठदला राहतो. मी रिसोडच्या एका शाळेत मराठी शिकवतो. गावाला लागून आमची बाडी आहे, तिथे वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला निघतो आणि बाजाराला जातो. वडील मी दहावीत असतानाच गेले, तेव्हापासून बाडी मायनेच सांभाळली. लग्न ठरतानाच हिने सांगितलं होतं की मी काम सोडणार नाही, आणि मी सांगितलं होतं की मला मायला आणि वावराला सोडून येता येणार नाही. दोघांनी आपापला शब्द पाळला, त्यामुळे आमचा निम्मा संसार ट्रॅव्हल्सच्या गाड्यांमध्ये झाला. मुलगी हिच्याजवळ असते, तिथेच कॉलेजात जाते. तेव्हा तिची परीक्षा होती, म्हणून ती या हकिगतीत नाही.

सकाळी ट्रॅव्हल्स थांबली आणि ही उतरली. (आमच्याकडे बायकोला ‘ही’च म्हणतात, मीही तेच म्हणतो.) गळ्याला मफलर, डोळे जागरणाने सुजलेले. मी सवयीने विचारलं, “प्रवास कसा झाला?” तिने मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलती केली. बरा झाला असावा.

माय दारातच उभी होती. मी तिला आदल्या दिवशीच सगळं समजावलं होतं, पण तिला ते पटलेलं नव्हतं.

“आली का वं बाई,” तिने विचारलं. हिने हसून वाकून नमस्कार केला. माय उत्तराची वाट पाहत थांबली, मग माझ्याकडे वळली. “खरंच बोलूच नोको म्हंते डाक्टर?”

“हो माय. हळूही नाही.”

“मंग तिले काय पायजे थे मले कसं समजीन?”

“ती सांगीन खुणेनं.”

“लयच कठीन काम हाये हे,” माय म्हणाली आणि चुलीवर पाणी ठेवायला गेली. घरात गॅस आहे, पण घशासाठीची वाफ चुलीवरच्याच पाण्याची घ्यायची असा तिचा समज.

पहिले दोन दिवस गंमतच झाली. भेटायला येणाऱ्या बायका हिच्याशी एकतर कानात कुजबुजल्यासारखं बोलत, नाहीतर ऐकू येत नसल्यासारखं मोठ्याने आणि सावकाश. “वैनी, बरं हाये काय आता,” असं एकीने इतकं ओरडून विचारलं की बाडीतला गडी काम टाकून धावत आला. ही सगळ्यांना हात जोडून हसत होती. माझ्याशी ती मोबाइलवर लिहून बोलायची. आमची बोली वऱ्हाडीच, पण मोबाइलवर लिहिताना आम्ही दोघंही पुस्तकी होतो. तिचं माहेर किन्हीराजा, तिकडच्या शेतकरी घरातली ती, तरी लिहिताना ‘मले’ नाही, ‘मला’च लिहिते.

मायला वाचता येत नाही, त्यामुळे तिथे मोबाइल कामाचा नव्हता. दोघींनी आपसात काहीतरी तयार केलं. मी शाळेतून यायचो तेव्हा त्या बाडीत मेथी उपटत बसलेल्या दिसायच्या. हिने हाताची ओंजळ केली की चहा. मनगटावर दोन बोटं आपटली की किती वाजले. कपाळाला हात लावला की डोकं दुखतं, हे तर कोणालाही समजलं असतं, पण एकदा हिने कपाळाला हात लावून मग तो हात धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, दाखवला आणि माय लगेच म्हणाली, “हो, थे पालकाचं मीबी पाह्यलं. किडलं सारं.” मला त्यात पालक कुठे होता ते अजून कळलेलं नाही.

आधी ही यायची ती दोन दिवसांसाठी, तेही निम्मे लॅपटॉपसमोर. मायशी बोलणं व्हायचं ते जेवणापुरतं, प्रेमाचं पण घाईचं. आता दिवसभर हिला दुसरं काही करता येत नव्हतं. फोन घेता येत नव्हता, चर्चा करता येत नव्हती. ती मेथीच्या जुड्या बांधायला शिकली. माय तिची प्रत्येक जुडी हातात घेऊन थोडी सैल करायची, कारण ही फार आवळून बांधायची.

“एवढं करकचून नोको बांधू. गुदमरते थे,” माय म्हणायची.

सत्काराचं मी पुढे ढकलायचा प्रयत्न करून पाहिला. पण मांडववाला ठरला होता, तालुक्याहून पाहुणे येणार होते, शाळेच्या मैदानाला सडाही घातला जात होता. मी घरी येऊन हिला सांगितलं. तिने बराच वेळ मोबाइल हातात धरला आणि मग लिहिलं, ‘मी बसेन. बोलाल तुम्ही.’

मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे भाषण म्हटलं की माझा हात अलंकारांकडे जातो. पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, ‘विश्वाच्या अथांग पोकळीत ज्ञानाचा दीप घेऊन निघालेली वऱ्हाडची कन्या’. तिने कागद वाचला, माझं पेन घेतलं आणि ती ओळ सगळीच्या सगळी खोडली. पुढे ‘शोध लावला’ असं होतं, ते खोडून ‘मोजलं’ केलं. ‘एकटीच्या बळावर’ खोडून ‘विद्यार्थ्यांसोबत’ केलं. मग मोबाइलवर लिहिलं, ‘मी काय करते ते सांगा. मी कशी आहे ते नको.’

ती काय करते हे मला माहीत होतं, पण नवऱ्याला माहीत असणं आणि गावाला सांगता येणं यात फरक आहे, हे त्या दोन संध्याकाळी कळलं. हिने दुर्बिणीला डोळा लावल्याला कैक वर्षं झाली. तिची दुर्बीण म्हणजे शेतांमधून उभ्या असलेल्या जाळीच्या मोठाल्या तबकड्या. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात, भर उन्हातही पकडतात. फार दूरच्या आकाशगंगांमधून निघालेल्या लहरी इथे यायला इतका काळ लागतो की आपल्याला त्या आकाशगंगांची जुनी, पार पूर्वीची अवस्था कळते. त्या काळी तिथे हायड्रोजन वायू किती होता ते या लहरींवरून मोजायचं. तारे या वायूचेच बनतात. एके काळी विश्वात तारे भराभर बनत होते, पुढे ते मंदावलं. ते का मंदावलं असावं याचा एक धागा हिच्या आणि तिच्या विद्यार्थ्यांच्या मोजणीतून हाती आला. वायूच पुरत नव्हता.

हे सगळं तिने लिहून, चित्रं काढून, हातवारे करून सांगितलं. मी परत सांगायचो, ती मान हलवायची. मी परत सांगायचो, ती डोळे मिटून घ्यायची. शेवटी मी म्हटलं, “म्हणजे आपल्या कापसाच्या जिनिंगसारखं.”

तिने डोळे उघडले.

“आपल्याकडे कापूस व्हता तवर जिनिंग चालली. लोक सोयाबीनकडे वळले, कापूस येईना, जिनिंग बंद पडली. मशिनी काही बिघडल्या नव्हत्या.”

ती विचार करत राहिली. तिला पूर्ण पटलं नसावं, कारण ती दोनदा काही लिहायला गेली आणि पुसलं. मग लिहिलं, ‘हेच सांगा. आणि दीर्घिका काढून आकाशगंगा करा.’

रविवारी सकाळी मैदानावर बरीच गर्दी झाली. फ्लेक्सवर हिचा फोटो होता आणि बाजूला कुठूनतरी घेतलेली एक लांबलचक दुर्बीण, जणू ती रोज तिच्यातूनच पाहते. ही मफलर गुंडाळून सोफ्यावर बसली. शाल झाली, नारळ झाला. मी माइकसमोर उभा राहिलो आणि सुरुवात पुस्तकी मराठीत केली, पण जिनिंगपर्यंत आलो तोवर आपोआप घरच्या भाषेत बोलायला लागलो होतो. लोक ऐकत होते. म्हातारी माणसं मान डोलावत होती, त्यांनी ती जिनिंग चालताना पाहिली होती. मी हिच्याकडे पाहिलं. ती खाली बघून हसत होती.

भाषण संपल्यावर सूत्रसंचालकाने उत्साहात विचारलं, कोणाला मॅडमना काही विचारायचं आहे का. मग मांडवाच्या कडेचा एक माणूस उभा राहिला. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारा, मला चेहऱ्याने माहीत होता. दिवाळी झाली की तो दरवर्षी घरच्यांना घेऊन ऊसतोडीला जातो. त्या वर्षी गेला नव्हता, कारण मुलीचं लग्न जमलं होतं.

“मॅडमले एक इचाराचं व्हतं,” तो म्हणाला. “तुमी ताऱ्याइचंच काम करता म्हनून. माह्या पोरीच्या पत्रिकेत मंगळ निंघाला. पाव्हने जमलेलं मोडून गेले. थो मंगळ काहाडता येते काय?”

मागे काही पोरं हसली. तो माणूस हसला नाही आणि खालीही बसला नाही. त्याला खरोखरच विचारायचं होतं.

प्रश्न हिला होता, म्हणून मी माइक घेऊन तिच्याकडे पाहिलं. तिने त्या माणसाकडे बघून जोरजोराने मान हलवली, नाही, नाही. तिला म्हणायचं होतं, असं काही नसतंच. पण त्याचा प्रश्न होता काढता येतो का, आणि तिची मान सांगत होती नाही. त्या माणसाचा चेहरा पडला. “नाई येत,” तो स्वतःशीच म्हणाला आणि बसायला लागला.

हिच्या लक्षात आलं. ती अर्धी उठली, तोंड उघडलं, नुसता श्वास बाहेर आला. तिचा मोबाइल मी माझ्या खिशात ठेवला होता. मी माइकमध्ये “तसं नाही, तसं नाही,” एवढंच म्हणू शकलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूने माय उभी राहिली. तिला माइक कधीच लागत नाही.

“ओ बापू, बसू नोका. तिचं म्हननं तसं नाई,” माय म्हणाली. “माह्या ह्या सुनेलेच मंगळ हाये. लग्नाच्या आंधीपासून हाये. माह्या पोराले काय झालं? थो पाहा उभा समोर, पोट सुटलं त्याचं.”

मांडवात हशा पिकला. माय थांबली नाही.

“आन तिले काय झालं? तिच्यासाठीच तं मांडव टाकला ना तुमी सर्व्यायनं. काहाडाचं काई काम नाई. राहू द्या पोरीले जशी हाये तशी.”

तो माणूस उभाच होता. त्याने मायकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा थोडं हसला.

मी मात्र हसलो नाही, कारण हिच्या पत्रिकेत मंगळ आहे हे मला माहीतच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी कॉलेजात आहे, आणि मला ही गोष्ट माइक हातात धरून सगळ्या गावाबरोबर कळत होती. मी हिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती मायकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरले होते. मग ती सोफ्यावरून उठली, शाल सावरत स्टेजच्या पायऱ्या उतरली आणि बायकांमध्ये जाऊन सतरंजीवर मायला खेटून बसली. तालुक्याहून आलेले पाहुणे सोफ्यावर एकटेच राहिले. त्यांनी पुढे चांगलं भाषण केलं, पण सत्कारमूर्ती समोर सतरंजीवर बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला सुट्टी टाकली. दुपारी त्या दोघी बाडीत कडुनिंबाखाली जुड्या बांधत होत्या, तिथे जाऊन बसलो.

“माय, तुले कोनं सांगतलं हे?”

“कोनं म्हंजे? तिच्या बापानं. आपन किन्हीराजाले पोरगी पाहाले गेलो तवा मले एकीकडं नेलं आन म्हने, मंगळ हाये पोरीले, लपवून देत नाई. याच्या आंधी दोन ठिकानचं मोडलं म्हने ह्याच्यापाई. खरं बोलनारा मानूस व्हता.”

“मंग तू काहून हो म्हनलं?”

माय जुडी बांधत राहिली. मला वाटलं ती टाळते आहे. ती टाळत नव्हती, आठवत होती.

“आपन सारे तिले इचारून राह्यलो व्हतो. सैपाक येते काय, शिलाई येते काय. तिनं मले इचारलं, तुमी एकट्यानं वावर कसं करता. तवापर्यंत मले कोनं इचारलंच नोव्हतं.” तिने जुडी ढिगावर ठेवली. “आन दुसरं म्हंजे माही पत्रिका. तुह्या बाबाची आन माही छत्तीसच्या छत्तीस गुन जुळली व्हती. बामन म्हने असं जुळनं पाहाले भेटत नाई. तरी गेले ना थे. मंग लोकायनं मलेच काय काय म्हनलं, पांढऱ्या पायाची म्हनलं. मी म्हनलं, जुळून काय झालं मले.”

हे मायच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. वडील गेले तेव्हा मी लहान नव्हतो, पण बायकांमध्ये काय बोललं जातं ते माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं, की तिनेच पोचू दिलं नव्हतं. हिने मायच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

“मले काहून नाई सांगतलं मंग?”

“तुले सांगतलं असतं तं तू तुह्या काकाले सांगतलं असतं. पोटात राह्यते काय तुह्या काई?” माय म्हणाली. “आन मंग तुहा अ‍ॅक्सिडंट झाला. तवा तं सांगाचं कामच नोव्हतं.”

लग्नाच्या पहिल्याच वर्षी रिसोडहून येताना माझी गाडी घसरली होती. डोक्याला मार लागला, पाय मोडला. मला त्यातलं फारसं आठवत नाही, शुद्ध आली तेव्हा मी अकोल्याच्या दवाखान्यात होतो आणि ही उशाशी होती. एवढंच मला माहीत होतं. बाकीचं माय त्या दुपारी सांगत होती.

“ही गाडीतून उतरून तशीच दवाखान्यात आली. तू पडेल व्हता, कोनाले ओळखत नाई. मी बाहेर बसलेली. खोटं कायले बोलू, मले भेव वाटलं. मनात आलंच माह्या थे. ही नळावर तुहा रक्ताचा शर्ट धुवत व्हती. धुता धुता तिनं माह्याकडं पाह्यलं, आन मले समजलं का हिलेबी थेच वाटून राह्यलं.”

“मंग?”

“मंग काय. मी गेली नळावर. शर्ट घेतला तिच्या हातातून. म्हनलं, वळनावर रेती पडेल व्हती, गाडी रेतीनं घसरली. मी पाहून आली रेती. रेतीनं घसरली, बाई. दुसरं काई नाई.”

माय हे सांगताना हिच्याकडे पाहत होती, जणू तेच परत एकदा तिला सांगत होती. हिने मोबाइल मागितला. मी दिला. ती बराच वेळ लिहीत होती, मग माझ्या हातात दिला. तिने लिहिलं होतं, ‘या गोष्टीचा आणि ग्रहाचा काही संबंध नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी त्या नळापाशी तेच डोक्यात घुमत होतं. मी ठरवलं होतं की तुम्ही बरे झालात की मी परत जाईन आणि येणार नाही. तुमच्या आईंनी शर्ट घेतला म्हणून राहिले.’

मी ते मायला वाचून दाखवलं. मायने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माईत हाये मले.” मग थोड्या वेळाने, “शर्टाचा डाग काई गेला नाई. फेकूनच देला मंग.”

त्या संध्याकाळी वस्तीवरचा तो माणूस घरी आला. सोबत हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्यांची पेंढी आणि मुलगी. मुलगी बारीक चणीची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. बाप बाहेर माझ्याशी बोलत बसला आणि ती आत हिच्याजवळ गेली.

मला वाटलं पाच मिनिटांत बाहेर येईल. एक जण बोलू शकत नाही, दुसरी लाजते, काय बोलणार. पण ती बराच वेळ आत होती, आणि आतून एकटीचाच आवाज येत होता, आधी हळू, मग सरळ. मी पाणी द्यायला गेलो तेव्हा दोघी डहाळ्यांमधले घाटे सोलत बसल्या होत्या आणि ती सांगत होती की बारावीला तिला चांगले मार्क होते, नर्सिंगला जायचं होतं, पण उसाला जायच्या वेळी कॉलेज सुटलं, मग लग्न ठरलं, मग ते मोडलं, आणि मोडलं तेव्हा तिला घरात सगळ्यांसमोर रडावं लागलं, पण खरं म्हणजे तिला बरं वाटलं होतं. हे तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. ही ऐकत होती आणि सोललेले दाणे मुलीच्या तळव्यावर ठेवत होती.

मला नंतर वाटलं, हिला बोलता येत असतं तर तिने पहिल्या दोन मिनिटांतच मुलीला धीर दिला असता, सल्ला दिला असता, आणि ती मुलगी ‘हो मॅडम’ म्हणून घरी गेली असती. हिला मी हे म्हटलं. तिने लिहिलं, ‘खरं आहे. मी फार लवकर बोलते.’

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. मोडलेलं लग्न परत जुळलं नाही, आणि कोणी जुळवायलाही गेलं नाही. हिने परत गेल्यावर नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी केली आणि माझ्यामार्फत बापाशी बोलणं केलं. यंदा ती वाशीमला नर्सिंग शिकते आहे. बाप पुढच्या हंगामाला उसाला जाईल, पण तिला नेणार नाही म्हणतो. शनिवारी ती घरी येते तेव्हा वाटेत आमच्याकडे थांबते आणि मायचा बीपी तपासते, गरज नसली तरी.

हिचा आवाज आठवडा संपायच्या आधीच आला. सकाळी माय अंगणात भाज्यांची कॅरेटं भरत होती आणि ही चहाचा कप घेऊन पायरीवर बसली होती. मी दाढी करत होतो. बाहेरून एक घोगरा, फाटका आवाज ऐकू आला, “माय, त्या पालकावर फवारणी कराची राह्यली ना अजून?” मी ब्रश हातात घेऊन तसाच बाहेर आलो. मायचे हात थांबले होते. ती हिच्याकडे पाहत राहिली.

“डाक्टरनं बोल म्हनलं काय तुले?”

हिने ओशाळून मान हलवली, नाही.

“मंग गुपचाप बस. मी करतो फवारनी,” माय म्हणाली. आमच्याकडच्या बायकाही कधी कधी ‘करतो’ म्हणतात. आणि मग ती कॅरेटाकडे वळून पदराने डोळे पुसत राहिली.

ही आणखी दोन दिवस राहिली, अगदी गप्प. निघायच्या दिवशी मायने मेथीची एक मोठी जुडी बांधून दिली. विद्यापीठात कोण ही मेथी निवडणार, असं मी म्हटलं. हिने ती पिशवीत वर ठेवली, दबू नये म्हणून.

हल्ली तिचा फोन येतो तो मायच्या फोनवर. आमच्या मुलीने मायला हिरवं बटण कुठलं ते शिकवलं. आधी फोन माझ्याकडे यायचा आणि माय पलीकडून “बरी हाये सांग” एवढंच ओरडायची. आता संध्याकाळी बाडीच्या बांधावर बसून ती बोलत असते. एकदा मी मागे उभा राहून ऐकलं. माय सांगत होती की वांग्याला यंदा भाव नाही, गडी नीट काम करत नाही, आणि मग म्हणाली, “तुह्या मशिनीचं काय झालं, थे तबकडी बिघडली व्हती ना?” पलीकडून ही काहीतरी बराच वेळ सांगत राहिली. माय हुंकार देत होती. मधे एकदा म्हणाली, “पानी गेलं असन तिच्यात,” आणि पलीकडून हसण्याचा आवाज आला. मी खूण करून विचारलं, मला देते का फोन. मायने हात हलवून मला परत पाठवलं, आणि मी पोळ्या गार होतील म्हणून घरात आलो.